परतीच्या पावसानंतरचं वाचनालय

आंबोलीच्या बाजूने चढून येणारा पाऊस आजरा तालुक्यात चार महिने मुक्काम ठोकतो. त्यावर भात पिकतं, हिरण्यकेशी दुथडी वाहते आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटांत बुरशी धरते. नवरात्राच्या आसपास दोन-तीन दिवस सलग कोरडे मिळाले की विकास सोसायटीच्या गोदामाला लागून असलेल्या दोन खोल्यांची दारं-खिडक्या सताड उघडतात, पडवीत सतरंज्या पडतात आणि पुस्तकं हातोहात बाहेर येऊ लागतात.

बाहेर म्हणजे उन्हात नव्हे. ऑक्टोबरच्या उन्हात पुठ्ठा वाकतो, कागद आणखी पिवळा पडतो. पुस्तकं सावलीत, वारं लागेल अशी, पानं जराशी फाकवून उभी करायची असतात. ग्रंथपालताईंनी त्यासाठी हायस्कूलच्या चार मुली बोलावलेल्या असतात. तोंडाला ओढणी, हातात कोरडा कुंचा. बुरशीवर ओलं फडकं फिरवायचं नाही, ती आणखी आत जाते, हे ताई दर वर्षी नव्याने सांगतात. मग एकेका पुस्तकाची पाठ तपासली जाते. बांधणीची खळ पिठाची, आणि कसरीला पीठच हवं असतं. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते याचसाठी. मोरचुदाच्या खळीने बांधलेली पन्नास वर्षांपूर्वीची पुस्तकं इथे शाबूत आहेत आणि त्यानंतर कुठेतरी स्वस्तात बांधून आणलेल्यांच्या पाठी पोखरल्या आहेत.

सगळ्यांत वाईट गत होते ती गुळगुळीत कागदावर छापलेल्या जुन्या दिवाळी अंकांची. साध्या कागदाचं पुस्तक भिजलं तर वाळवून निदान वाचता तरी येतं. चकचकीत कागदाची पानं एकदा ओली झाली की एकमेकांना चिकटतात आणि अख्ख्या अंकाची वीट होते. यंदा छताच्या एका कोपऱ्यातून गळलेल्या पाण्याने असे काही अंक गेले. त्यांची यादी करून कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागेल, कारण दाखल नोंदवहीतलं पुस्तक ग्रंथपालाला आपल्या मनाने बाद करता येत नाही.

कुठली पुस्तकं किती झिजली, हेही याच दिवसांत कळतं. या वाचनालयात दोन नावं कायम पुढे असतात, ‘मृत्युंजय’ आणि ‘स्वामी’. शिवाजी सावंत मूळचे आजऱ्याचे आणि रणजित देसाई शेजारच्या चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. ‘स्वामी’ १९६२ साली आली, ‘मृत्युंजय’ १९६७ साली. या दोन्ही कादंबऱ्यांच्या प्रती इथे कितीदा बांधल्या गेल्या, याचा हिशेब त्यांच्या पुठ्ठ्यांच्या थरांवरूनच लागावा. आपल्या मुलखातल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक म्हणून नववी-दहावीची मुलं ती पहिल्यांदा उचलतात.

कपाट पुजण्याचा दिवस

खंडेनवमीला गावात कोयते, खुरपी, विळे, ट्रॅक्टर, शिलाई मशीन असं सगळं पुजलं जातं. वाचनालयात दाखल नोंदवही, देवघेवीचं रजिस्टर, रबरी शिक्का आणि त्याचा जांभळा पॅड चौरंगावर येतात. शाळकरी मुलं पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढतात. झेंडूची माळ कपाटाच्या मुठींमधून ओवली जाते. पुजलेलं पुस्तक त्या दिवशी वाचायचं नाही, ही जुनी रीत पाळायला मुलं आनंदाने तयार असतात.

पूजा आटोपली की सोसायटीचे सचिव, शाळेचे मास्तर, दोन-चार जुने सभासद तिथेच बसतात आणि वर्षातली सर्वांत महत्त्वाची बोलणी सुरू होतात. यंदा दिवाळी अंक किती घ्यायचे?

या महिन्यात सरकारी दिवसही येतात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळली जाते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून त्या तारखेच्या सुमारासही कार्यक्रम होतात. तसबीर, हार, भाषण, फोटो आणि फोटो वर पाठवणं एवढ्यावर वाचन प्रेरणा दिन उरकता येतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो तसाच उरकतो. या गावात मास्तरांनी वेगळी वाट काढली. त्या दिवशी पाचवी ते सातवीचे वर्ग वाचनालयात येतात, प्रत्येक मूल स्वतः कपाटातून पुस्तक काढतं आणि देवघेवीच्या रजिस्टरात स्वतःच्या हाताने नाव लिहून घरी नेतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आणायचं. काही पुस्तकं येत नाहीत. जी येतात त्यांच्याबरोबर पंधरा-वीस नवे बालसभासद येतात, आणि मास्तरांच्या मते हा सौदा वाचनालयाच्या फायद्याचा आहे. ते बरोबर बोलतात.

अंकांची जुळवाजुळव

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली. शंभरहून अधिक वर्षांनंतरही मराठीत दर दिवाळीला शेकडो अंक निघतात. शहरातल्या घरात त्यांतले दोन-तीन विकत येतात. खेड्यातल्या घरात बहुधा एकही येत नाही, कारण एका अंकाची किंमत दोनशे-तीनशेच्या पुढे गेली आहे आणि दिवाळीच्या तोंडावर खताची उधारी, मुलांचे कपडे, फराळाचं सामान हे सगळं त्याच्या आधी रांगेत असतं. म्हणून खेड्यात दिवाळी अंक वाचले जातात ते जवळजवळ पूर्णपणे वाचनालयामुळे. अंक काढणाऱ्या संपादकांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे. विक्रीचा आकडा या वाचकांना मोजतच नाही.

वाचनालयाचं गणित असं चालतं. दसऱ्याच्या सुमारास दिवाळी अंक योजना जाहीर होते. नेहमीच्या वर्गणीवर वेगळे शंभर-दीडशे रुपये भरायचे आणि दिवाळीपासून होळीपर्यंत येतील ते सगळे अंक पाळीपाळीने वाचायचे. जमा झालेल्या पैशांत समिती थोडी भर घालते. मग गडहिंग्लज-कोल्हापूरच्या विक्रेत्यांना फोन होतात. विक्रेते अमुक अंकांचा संच घेतला तर इतकी सूट असं सांगतात, पण संचात आपल्याला नको असलेले दोन अंक हमखास असतात, आणि हवा असलेला एक नसतो. फोनवर घासाघीस होते ती यावरच.

निवड ताईंची असते आणि ती सोपी नसते. ‘मौज’ हवाच, कारण निवृत्त मुख्याध्यापक पहिल्यांदा तोच मागतात. ‘धनंजय’ हवा, रहस्यकथांचे वाचक दुसरं काही घेत नाहीत. ‘आवाज’ हवा. ‘मेनका’, ‘माहेर’ हवेत. मुलांसाठी ‘किशोर’ हवा; बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचा अंक खिशाला परवडतो. ज्योतिषाचा एक अंक घ्यावाच लागतो. कुठलाही अंक हातात आला की आधी वार्षिक राशिभविष्य उघडायचं आणि मग अनुक्रमणिका, असं करणारे वाचक इथे थोडेथोडके नाहीत. शेतीविषयक एक अंक, आरोग्यावरचा एक. एवढं झालं की पैसे संपतात. गंभीर वैचारिक अंकांपैकी एखादाच घेता येतो. तो कुठला, यावर मास्तर आणि मुख्याध्यापक यांचं दर वर्षी तासभर चालतं.

नंबर कसा लागतो

पार्सल वसुबारसेच्या आगेमागे एसटीने येतं. ते फोडायला संध्याकाळी गर्दी असली तरी त्या दिवशी एकही अंक बाहेर जात नाही. आधी दाखल नोंद, मग आतल्या पानांवर शिक्के, मग पाठीला जाड सुताची शिवण, वर खाकी कागदाचं कव्हर आणि त्यावर मार्करने क्रमांक. छापखान्यातून आलेला अंक जसाच्या तसा फिरवला तर दहाव्या घरी त्याची पानं सुटतात. ताईंच्या हातची शिवण चाळीस घरं टिकते.

एक अंक तीन दिवस. हा नियम भिंतीवर लिहिलेला आहे, आणि भाताच्या कापणीत तो मोडतो. दिवाळीनंतर आजरा घनसाळसारखी उशिरा तयार होणारी भातंही कापणीला येतात. सकाळी शेतात गेलेली बाई संध्याकाळी सातला घरी येते, चूल, भांडी, जनावरं आटोपून तिला अर्धा तास मिळाला तर मिळाला. तिला तीन दिवसांचा दंड लावला तर ती पुढच्या वर्षी योजनेत येणार नाही. त्यामुळे ताई रजिस्टरात तारीख लिहितात, पण कुणाकडे भात पडलंय, कुणाची मळणी झाली, हे मनात ठेवून पाळी फिरवतात. कापणीवाल्या घरात कथांचा अंक द्यायचा, थोडा थोडा वाचता येतो. ज्यांची कापणी झाली त्यांना कादंबरीचा. कुठल्याही संगणकप्रणालीत हे बसवता येणार नाही, आणि हे ज्ञान असलेलं माणूस गेलं तर नव्या माणसाला ते मिळवायला चार-पाच दिवाळ्या लागतील.

कागदावर अंक एका सभासदाच्या नावावर असतो. प्रत्यक्षात तो बचत गटाच्या बैठकीत जातो, तिथून जावेकडे, तिथून शेजारणीच्या कॉलेजातल्या मुलीकडे. परत येतो तेव्हा पाककृतींच्या पानावर हळदीचा डाग असतो. समितीतल्या एकांनी यावर हरकत घेतली होती. ताईंचं उत्तर होतं, “डाग पडला म्हंजे वाचलंय. कोरा परत आला तर मला वाईट वाटतं.”

सात दिवसांची मजुरी

महाराष्ट्रातली ग्रामीण वाचनालयं मुख्यतः सरकारची नाहीत. ती गावकऱ्यांनी संस्था नोंदवून काढलेली आहेत आणि सरकार त्यांना मान्यता व अनुदान देतं. या भागाला ग्रंथालय कायद्याचा वारसा तसा जुना. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता, स्वातंत्र्याच्याही आधी. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालयांसाठी वेगळा कर बसवलेला नाही; ग्रंथालय निधीत दर वर्षी किमान २५ लाख रुपये घालण्याची तरतूद तेवढी आहे. इथून काही कोसांवर सीमेपलीकडे कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने ग्रंथालय कर आहे. महाराष्ट्रात ती जबाबदारी गावच्या उत्साहावर सोपवली गेली, आणि गावांनी ती इतक्या मनापासून उचलली की आज राज्यात अकरा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत.

त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. खेड्यातलं छोटं वाचनालय बहुधा ‘ड’ मध्ये सुरू होतं आणि पुष्कळदा तिथेच राहतं. २०१२ नंतर दहा वर्षं ‘ड’ वर्गाचं अनुदान होतं वर्षाला ३० हजार रुपये. २०२२-२३ मध्ये साठ टक्के वाढ झाली, ते ४८ हजार झालं. यातला निम्मा भाग वेतनाचा, निम्मा पुस्तकं, नियतकालिकं, भाडं, वीज वगैरेंचा. म्हणजे तेव्हा ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला २ हजार रुपये येत. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. सात दिवस माती उपसली की ग्रंथपालाच्या महिन्याच्या पगाराहून थोडे जास्तच पैसे हातात येत.

ताईंनी ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेला आहे. रोज संध्याकाळी तीन तास दार उघडायचं, झाडलोट, देवघेव, वर्गणीची वसुली, जमाखर्च, वार्षिक अहवाल, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या तपासणीची तयारी, हे सगळं त्या करतात. अनुदान हप्त्याने येतं, त्यामुळे दिवाळीत हातात काही असेलच याची खात्री नसते. सकाळी त्या शिलाईकाम करतात. अंकांना शिवण घालायचा सुई-दोरा तिथलाच.

पुस्तकांच्या बाबतीत थोडी मदत बाहेरून येते. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभरातल्या ग्रंथालयांना पुस्तकं पुरवतं, त्या योजनेतले गठ्ठे इथवर पोचतात. त्यात चांगली पुस्तकं असतात, आणि या गावात कुणीही उघडणार नाही अशीही असतात. निवड गावात झाली तर प्रत्येक रुपया वाचला जाईल, असं ताईंचं म्हणणं आहे. दिवाळी अंकांची निवड गावात होते आणि एकही अंक कपाटात पडून राहत नाही, एवढा पुरावा पुरेसा आहे.

खुर्च्या कुणाच्या

संध्याकाळी सहाला वाचनालयात गेलं तर टेबलाभोवतीच्या खुर्च्यांवर अंक वाचणारं कुणी नसतं. तिथे पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली असतात. पाऊस थांबला की पहाटे माळावर धावण्याचा सराव सुरू होतो आणि संध्याकाळी इथे चालू घडामोडी, गणित, बुद्धिमत्ता. घरी एकाच खोलीत टीव्ही आणि आजारी आजोबा, त्यामुळे ट्यूबलाइटखालची शांत खुर्ची त्यांना फार मोलाची वाटते. ही मुलं कादंबरी नेत नाहीत, अंकांच्या योजनेत नसतात.

जुन्या सभासदांना याचा त्रास होतो. मुंबईच्या गिरणीत उमेदीची वर्षं घालवून १९८२ च्या संपानंतर गावी परतलेले एक आबा रोज येतात. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागातले हजारो लोक गिरणगावात होते आणि वाचनालयात जाऊन पेपर वाचायची सवय पुष्कळांना तिथेच लागली.

“आमी बसायचं कुठं, ताई?” आबांनी यंदा विचारलं.

“पडवीत खुर्ची टाकते की आबा. उजेड बी हाय आणि वारं बी.”

“आणि ‘धनंजय’?”

“तुमच्या नावावर काढून ठेवलाय. उद्या न्या.”

पडवीतली ती सोय तात्पुरती आहे. खरी गरज तिसऱ्या खोलीची आहे आणि तिसऱ्या खोलीचे पैसे मुंबई-पुण्याहून दिवाळीला गावी आलेल्यांकडून जमतील असा समितीचा हिशेब आहे. पाडवा ते भाऊबीज या दिवसांत वाचनालयाचं दार सकाळीही उघडं असतं ते याचसाठी. बाहेरगावी नोकरीला असलेली मंडळी येतात, आपण शाळेत असताना वाचलेलं पुस्तक शोधतात, त्याच्या मागच्या चिठ्ठीवर आपली जुनी सही सापडते. त्या वेळी आजीव सभासदत्वाची पावती पुढे केली तर सहसा नाही म्हटलं जात नाही. काही जण घरातली पुस्तकं पिशवी भरून आणून देतात. त्यातली निम्मी अभ्यासक्रमाची जुनी गाईडं निघतात, तरी ताई सगळी घेतात आणि नंतर निवडतात. देणाऱ्याला पुढच्या वर्षी परत यावंसं वाटलं पाहिजे.

खोप्यांपर्यंत पेटी

दिवाळी सरते तशी ऊसतोडीची धामधूम वाढते. बीडकडच्या टोळ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून उतरतात, गावाबाहेरच्या माळावर खोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत पाच-सहा महिने त्यांचा मुक्काम. बरोबर मुलं असतात. साखरशाळा किंवा गावची शाळा जिथे त्यांना सामावून घेते तिथे ती शिकतात, बाकीची लहान भावंडं सांभाळतात, उसाच्या वाढ्याच्या मोळ्या बांधतात.

ही मुलं मराठी वाचणारी आहेत आणि त्यांना वाचनालयाचं सभासद होता येत नाही. पत्त्याचा पुरावा हवा, अनामत हवी, गावातल्या सभासदाची शिफारस हवी. नियम पुस्तकं हरवू नयेत म्हणून केलेले आहेत आणि वर्षानुवर्षं एका ठिकाणी राहणाऱ्या माणसाला समोर ठेवून केलेले आहेत.

याला उत्तर शंभर वर्षांपूर्वीच सापडलेलं होतं. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. अलीकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजनाही अशाच पेट्यांवर उभी आहे आणि तिच्या पेट्या तुरुंगांपासून परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत गेल्या आहेत. आजऱ्याच्या माळावर पेटी न्यायची तर अंतर दीड किलोमीटर आहे.

ताईंनी ‘किशोर’चे मागच्या काही वर्षांचे अंक आणि दोन डझन गोष्टींची पुस्तकं एका पत्र्याच्या पेटीत भरली. प्रश्न नोंदीचा आला. कुणाच्या नावावर लिहायची? पुस्तकं परत आली नाहीत तर तपासणीत उत्तर कोण देणार? समितीच्या सचिवांची हरकत रास्त होती, कारण हिशेबाला तेच जबाबदार आहेत. बैठकीत बराच वेळ गेला. शेवटी मास्तरांनी आणि इतर तीन सभासदांनी अनामतीची रक्कम आपल्या खिशातून भरली आणि वेगळी वही घालायचं ठरलं. सभासदाच्या जागी मुकादमाचं नाव, पत्त्याच्या जागी कारखान्याचं नाव, परतीच्या तारखेच्या जागी ‘पट्टा पडेपर्यंत’, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत.

पेटी पोचवायला ऊस वाहणाराच एक ट्रॅक्टरवाला तयार झाला. दोन आठवड्यांनी तो ती बदलायला घेऊन आला तेव्हा तीन पुस्तकं कमी होती आणि मुलांनी सांगून पाठवलं होतं की लहान भावंडांसाठी चित्रांची पुस्तकं द्या. वाचनालयात तशी पुस्तकं फार थोडी आहेत. ताईंनी वीस नावांची यादी करून समितीकडे दिली आहे, अनुदानाचा पुढचा हप्ता आला की पहिली खरेदी तिची करायची असं ठरलं आहे.